सात कोच आणि खालिद सर

मुंबई सिटीच्या मुख्य प्रशिक्षकांची नावं ओळीने लिहिली तर अशी होतात : पीटर रीड, निकोलस अनेल्का, अलेक्झांद्र गिमारायस, जॉर्ज कोस्टा, सर्जिओ लोबेरा, डेस बकिंगहॅम, पेत्र क्रात्की. २०१४ ते २०२५. सात माणसं, सहा देश. क्लब मुंबईचा, मैदान अंधेरीचं आणि कायमच्या नेमणुकीत एकही भारतीय नाही.

क्लबचा इतिहास सांगताना सगळे हीच यादी सांगतात. मला ती अपुरी वाटते. एका कोचने घडवलेला मुलगा दुसऱ्याच्या हाताखाली गोल करतो, तिसऱ्याच्या वेळी कर्णधार होतो. मधल्या काळात क्लबही बदललेला असतो. कोणी कोणाला काय दिलं, हे यादीतून कळत नाही. इथे तेवढंच टिपायचं आहे, सुचेल तसं.

*

पीटर रीड. जुन्या लोकांना हे नाव माराडोनामुळे आठवतं. १९८६च्या विश्वचषकात माराडोनाने अर्धं मैदान कापून गोल केला, तेव्हा मागे पडलेल्या इंग्लिश खेळाडूंमध्ये रीड होता. त्याची ओळख तेवढ्यावर संपू नये. एव्हर्टनबरोबर त्याने दोनदा लीग जिंकली, पुढे मँचेस्टर सिटी आणि संडरलंड सांभाळलं.

मुंबईत त्याला मिळाला ऑक्टोबर ते डिसेंबर एवढाच वेळ. इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) पहिलाच मोसम, साखळीत चौदा सामने, घरचं मैदान नेरूळचं डी. वाय. पाटील. पहिला सामना कोलकात्यात ०–३ हरले. दुसऱ्यात पुण्याला ५–०ने हरवलं आणि आंद्रे मोरित्झने लीगमधली पहिली हॅटट्रिक मारली. शेवटी आठ संघांत सातवे. इतक्या कमी दिवसांत कोणाचीही पद्धत मैदानावर उतरत नाही. रीडला मी नापास म्हणणार नाही.

*

२०१५, अनेल्का. स्वतः खेळायचा आणि संघही चालवायचा. त्या वर्षीच्या लिलावात सुनील छेत्री १ कोटी २० लाखांना मुंबईत आला आणि नॉर्थईस्टविरुद्ध त्याने लीगमधली भारतीयाची पहिली हॅटट्रिक केली. त्याच मोसमात फातोर्ड्याला गोव्याकडून ०–७.

सात गोल खाणाऱ्या संघाकडे मैदानाबाहेरून बघणारा कोणीतरी लागतो. घाम गाळत आत धावणाऱ्या माणसाला मधली फळी कुठे उघडी पडते आहे, ते दिसणार कसं?

*

गिमारायसपासून क्लब खऱ्या अर्थाने सुरू झाला, असं माझं मत. दोन कारणं. पहिलं म्हणजे तो अनेल्कासारखा खेळाडू-कोच नव्हता, व्यवसायाने कोच होता. जन्म ब्राझीलचा, वाढला कोस्टा रिकात, १९९०चा विश्वचषक त्या देशाकडून खेळला आणि २००२ व २००६च्या विश्वचषकांत त्याच देशाचा प्रशिक्षक होता. दुसरं कारण मैदान. २०१६ला क्लब नेरूळहून अंधेरीला आला.

शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल, वीरा देसाई रोड. १९९६ला मायकल जॅक्सन नाचला ते हेच मैदान. आता त्याला मुंबई फुटबॉल अरेना म्हणतात. प्रेक्षागृह लहान आहे, त्यामुळे कोचचा आवाज पहिल्या रांगांपर्यंत येतो. पश्चिमेच्या स्टँडमध्ये वेस्ट ब्लॉक ब्लूज ढोल घेऊन उभे असतात. आमच्या मनोरीहून हे आवाक्यातलं आहे : फेरीबोटीने मार्वे, बसने मालाड, पुढे मेट्रो. रात्रीचा सामना लांबला आणि बोट बंद झाली तर भाईंदर-उत्तनचा वळसा पडतो, तरी लोक जातात. नेरूळला आमच्या गावातून कोण जाणार होतं?

गिमारायसच्या संघाने पहिल्याच वर्षी साखळीत अव्वल स्थान घेतलं. दिएगो फोरलान होता, २०१० विश्वचषकाचा सर्वोत्तम खेळाडू. केरळविरुद्ध त्याची हॅटट्रिक अंधेरीत झाली. उपांत्य फेरीत कोलकात्याच्या संघाने दोन सामन्यांत मिळून ३–२ने बाहेर काढलं. पहिल्या सामन्यात फोरलानला लाल कार्ड. पुढच्या मोसमात तोच कोच, संघ सातवा. साखळीतला पहिला नंबर हा त्याने ठेवून गेलेला मापदंड. त्यानंतर मुंबईत मधल्या स्थानावर कोणी समाधानी राहिलं नाही.

*

१ जून २०१८. अंधेरीत भारत विरुद्ध चिनी तैपेई. भारत ५–० जिंकला, छेत्रीची हॅटट्रिक, आणि प्रेक्षक २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने हात जोडून व्हिडिओ टाकला : या, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. त्याचा शंभरावा सामना ४ जूनला केनियाशी होता. पाऊस कोसळत होता आणि एकही जागा रिकामी नव्हती.

हे टिपण कोचविषयीचं नाही, तरी इथे हवं. प्रेक्षकच नसतील तर कोचला नाव ठेवणारं किंवा त्याची आठवण ठेवणारं कोण उरेल?

*

मनोरी, गोराई, उत्तन, मढ या पट्ट्यात ईस्ट इंडियन आणि कोळी पोरांना फुटबॉल नवा नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या आणि चिखलात चेंडू. इथल्या कोचला कोणी कोच म्हणत नाही. तो ‘अंकल’ असतो, कधीकाळी कुठल्यातरी ऑफिसच्या संघातून खेळलेला. कोणाला गोलमध्ये उभं करायचं, कोणाला आज बसवायचं, रडणाऱ्या पोराला घरापर्यंत कोणी सोडायचं, हे सगळं त्याच्याकडे.

ऑफिसचा संघ ही मुंबईच्या फुटबॉलची जुनी घडण. गिरण्या, टाटा, एअर इंडिया, महिंद्रा. नोकरी मिळायची, दुपारनंतर सरावाला सुटी मिळायची. एअर इंडियाचा संघ बिमल घोष यांनी वर्षानुवर्षं सांभाळला. २०२२चा द्रोणाचार्य जीवनगौरव त्यांना मिळाला तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी चार ओळींची होती. त्यांच्या हाताखालून किती घरांना पगार सुरू झाला असेल! मला तो पुरस्कार त्या सगळ्या घरांचा वाटला.

*

महिंद्रा युनायटेड. २००५–०६ची राष्ट्रीय फुटबॉल लीग मुंबईत आणणारा संघ. कोच गोव्याचा, डेरिक परेरा. २०१०ला कंपनीने संघ बंद केला आणि त्या विजेतेपदाचा वारसच उरला नाही. आज मुंबई सिटीच्या प्रशिक्षकांचा इतिहास २०१४पासून सांगितला जातो, जणू त्याआधी या शहराने काही जिंकलंच नव्हतं. डेरिक परेरांचं नाव रीडच्या आधी लिहिलं गेलं पाहिजे, निदान शहराच्या यादीत तरी.

*

आता खालिद जमील. यांच्यावर जास्त लिहिणार आहे.

जन्म कुवेतचा, १९७७. खेळले महिंद्रा आणि एअर इंडियाकडून, मधल्या फळीत. दुखापतींनी कारकीर्द लवकर आटोपली. शेवटचा संघ मुंबई एफसी. हा क्लब २००७ला निघाला आणि पहिला कोच इंग्लंडचा डेव्हिड बूथ. २००९ला त्याच संघाची सूत्रं खालिद यांच्याकडे आली. वय बत्तीस. काल ज्यांच्याशेजारी बूट बांधले, त्यांनाच आज बाकावर बसवायचं.

सात मोसम. पैसा बेताचा, मोठी नावं परवडत नसत. कूपरेज मैदानाचं काम निघालं तेव्हा मुंबईच्या या संघाचे घरचे सामने पुण्याला, बालेवाडीला व्हायचे. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो त्यांना कुठला? तरी सातही मोसमांत एकदाही संघ खालच्या श्रेणीत घसरला नाही. बचाव घट्ट, कॉर्नर आणि फ्री किकचा कसून सराव, सामन्यानंतर दोन वाक्यांची पत्रकार परिषद. सुंदर खेळ बघायला आलेले लोक कुरकुरायचे. मला मात्र त्या खेळात प्रामाणिकपणा दिसायचा. हातात जे आहे त्यातून गुण काढायचे आणि पुढच्या वर्षीही पोरांचा पगार चालू ठेवायचा. संघ घसरला तर पहिली कुऱ्हाड स्थानिक मुलांवर पडते, हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

२०१६ला मुंबई एफसी आणि खालिद वेगळे झाले. ते मिझोरमला गेले, आयझॉल एफसीकडे. आयझॉल आदल्या वर्षी श्रेणीतून घसरलेला संघ. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून परत घेतलेला. खालिद यांच्यामागोमाग मुंबईची दोन पोरं गेली, जयेश राणे आणि आशुतोष मेहता. ३० एप्रिल २०१७ला शिलाँगमध्ये १–१ अशी बरोबरी झाली आणि आयझॉल आय-लीग विजेता ठरला. ईशान्येतला पहिलाच संघ.

त्याच मोसमात मुंबई एफसीने दोन कोच वापरले, तळाला राहिले आणि घसरले. क्लब परत उभा राहिला नाही.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की सात वर्षं घसरण थोपवणारा कोच काय करत होता, ते समजतं. तो असताना कोणाला समजलं नव्हतं.

*

जॉर्ज कोस्टा, २०१८ ते २०२०. पोर्तोचा कर्णधार, २००४ची चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या संघाचा. स्वतः बचावपटू, म्हणून संघ आधी मागून बांधला. पहिल्या वर्षी उपांत्य फेरी, दुसऱ्या वर्षी पाचवं स्थान. डिसेंबर २०१८ला केरळला ६–१ने हरवलं, त्यातले चार गोल मोदू सुगूचे.

पण त्या दोन वर्षांत गोव्यासमोर संघ कोलमडायचा. ऑक्टोबर २०१८ला फातोर्ड्यात ०–५. मार्च २०१९ला उपांत्य फेरीत अंधेरीत, घरच्या लोकांसमोर १–५. गोव्याच्या बाकावर सर्जिओ लोबेरा होता.

कोस्टा ५ ऑगस्ट २०२५ला गेला, हृदयविकाराने, पोर्तोच्या सराव केंद्रात. वय ५३. मुंबईतली त्याची दोन वर्षं ट्रॉफीविना होती, म्हणून त्याच्यावर इथे फारसं कोणी लिहिलं नाही. अंधेरीच्या टचलाइनवर हात मागे बांधून उभा राहिलेला तो भरभक्कम माणूस मला आवडायचा.

*

नोव्हेंबर २०१९ला सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. मँचेस्टर सिटीचे मालक. आता कोच निवडायला जगभरची माहिती हाताशी होती, आणि त्यांनी निवडला तो माणूस ज्याच्याकडून क्लब सतत मार खात होता. ऑक्टोबर २०२०ला लोबेरा मुंबईचा झाला.

या नेमणुकीचं मला फार कौतुक वाटतं. ज्याने आपली दुबळी बाजू पुन्हा पुन्हा उघडी पाडली, त्यालाच ती बुजवायला बोलावलं.

लोबेरा एकटा आला नाही. गोव्यातून मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमू आले आणि मंदार राव देसाई. मंदार म्हापशाचा, मुळात डाव्या बगलेने धावणारा आघाडीचा खेळाडू. लोबेरानेच त्याला गोव्यात मागे आणून लेफ्ट बॅक केलं होतं. बार्सिलोनाच्या अकादमीत काम केलेल्या कोचला बचावफळीतूनच चढाई सुरू करायची असते. मंदारला नवी जागा मिळाली, कारकीर्द लांबली आणि भारताकडून खेळायलाही मिळालं. खेळाडूची योग्य जागा ओळखणं हे कोचचं सर्वांत अवघड काम. डावपेच वहीत मांडता येतात, हे मांडता येत नाही.

*

लोबेराला गोव्याने जानेवारी २०२०च्या शेवटी काढलं होतं, संघ वर असताना. उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडाने हंगामी कोच म्हणून सांभाळले, तांत्रिक संचालक डेरिक परेरा पाठीशी. गोव्याने त्याच मोसमात साखळीतल्या अव्वल संघाचं लीग शील्ड जिंकलं. श्रेय कोणाचं? माझ्या मते दोघांचं. लोबेराने संघ बांधला, मिरांडाने तो हलू दिला नाही. आपल्याकडे दुसऱ्या कामाला ‘हंगामी’ म्हणून बाजूला ठेवतात. भारतीय कोचच्या वाट्याला बहुतेक वेळा तेच येतं. मुंबईतही २०२३ला परदेशी कोच मध्येच गेला, तेव्हा मधले सामने भारतीय सहायकाने सांभाळले आणि नवा परदेशी कोच आल्यावर तो परत सहायक झाला.

*

२०२०–२१. कोविडमुळे सगळी लीग गोव्यात, बंद दारांआड. मुंबईचं ‘घर’ बांबोळीला. २८ फेब्रुवारी २०२१ला साखळीचा शेवटचा सामना, एटीके मोहन बागानशी. जिंकणं भागच होतं. २–० जिंकले, दोन्ही संघांचे ४० गुण झाले आणि आपसातल्या सामन्यांच्या जोरावर शील्ड मुंबईला. १३ मार्चला अंतिम सामना, समोर तेच, मैदान फातोर्डा. १–१ असताना ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल. एकाच मोसमात शील्ड आणि कप जिंकणारा पहिला क्लब.

सहा वर्षं अंधेरी-नेरूळ केलेल्या लोकांनी हे घरात बसून पाहिलं. मैदानावर प्रेक्षकांतला एकही मुंबईकर नव्हता. त्याची रुखरुख मला अजून आहे.

*

लोबेरा ऑक्टोबर २०२१ला गेला आणि आला डेस बकिंगहॅम. वय ३६. ऑक्सफर्डचा. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टन फिनिक्स सांभाळलेला, आणि येताना मेलबर्न सिटीतून आलेला. तोही सिटी फुटबॉल ग्रुपचाच क्लब. दोन वर्षांनी आलेला क्रात्कीही मेलबर्न सिटीच्याच प्रशिक्षक ताफ्यातला. म्हणजे अंधेरीच्या मैदानावरचे शेवटचे दोन कोच ज्या शहरातून आले, त्या शहराचं पहिलं प्रेम लंबगोल चेंडूवर आहे : ऑस्ट्रेलियन रूल्स.

तिथल्या एका क्लबचा प्रशिक्षक-इतिहास वाचून थक्क व्हायला होतं. कॉलिंगवुड हे मेलबर्नचं उपनगर, कामगारवस्तीचं. जॉक मॅकहेल त्या क्लबचा कोच होता १९१२ ते १९४९. ७१४ सामने, आठ विजेतेपदं, त्यांतली चार सलग, १९२७ ते १९३०. पोटासाठी बिअरच्या कारखान्यात नोकरी करायचा. आज तिथे विजेत्या कोचला मिळणाऱ्या पदकाला त्याचं नाव आहे. त्याचा ७१४चा आकडा मोडला मिक माल्टहाउसने, मे २०१५ला, समोर कॉलिंगवुडच असताना. आणि त्याच महिन्यात त्याच्या क्लबने, कार्लटनने, त्याला काढलं.

अडतीस वर्षं आता कुठेच शक्य नाहीत. पण उपनगरातल्या क्लबचा कोच कामगारांमधूनच येतो आणि पिढ्या घडवतो, ही कल्पना मुंबईला परकी नाही. एअर इंडिया आणि महिंद्राच्या काळात आपण तिच्या बरेच जवळ होतो.

*

बकिंगहॅमचा पहिला मोसम : पाचवं स्थान, गतविजेते बाद फेरीबाहेर. क्लबने त्याला ठेवलं. पुढच्या मोसमात, २०२२–२३ला, पहिले अठरा सामने अपराजित, वीस सामन्यांत ४६ गुण आणि ५४ गोल. लीगमधले तेव्हाचे विक्रम. लालियानझुआला छांगते दिल्ली आणि चेन्नईत चमकून विझत आलेला. इथे येऊन तो मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू झाला. नंतर उपांत्य फेरीत बेंगळुरूने पेनल्टीवर ९–८ने हरवलं, तो भाग वेगळा.

काढलं असतं तर हे काहीच झालं नसतं. मुंबई सिटीच्या इतिहासातला सर्वांत चांगला निर्णय कोणता विचारलं, तर मी हा सांगेन. २०२२च्या उन्हाळ्यात कोणालाही न काढण्याचा.

बकिंगहॅम नोव्हेंबर २०२३ला गावाकडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेला आणि सहा महिन्यांत तो संघ वेम्बलीवर जिंकून वरच्या श्रेणीत नेला. डिसेंबर २०२४ला त्यांनी त्याला काढलं.

*

११ एप्रिल २०२२, रियाध. एएफसी चॅम्पियन्स लीग, समोर इराकचा एअर फोर्स क्लब. मुंबई २–१ने जिंकली. या स्पर्धेत भारतीय क्लबचा पहिला विजय. निर्णायक गोल कॉर्नरवर, हेडरने, राहुल भेकेचा.

भेके मुंबईचा मुलगा. आय-लीगमध्ये तो मुंबई एफसीकडून खेळला, खालिद सरांच्या काळात. जिथे कॉर्नर आणि फ्री किकवरच संघाचं पोट होतं, तिथे. २०१९च्या लीगच्या अंतिम सामन्यातही बेंगळुरूसाठी त्याचाच हेडर होता, ११७व्या मिनिटाला. दोन्ही गोल पाहिले की उडी घेण्याची वेळ अगदी सारखी दिसते. ही सवय रियाधला जाऊन लागत नाही.

४ मे २०२४. कोलकात्याचं साल्ट लेक, समोर मोहन बागान, साठ हजारांचा कल्लोळ. आधी त्यांचा गोल, मग मुंबईचे तीन : पेरेयरा दियाझ, बिपिन सिंग, याकुब वोइतुश. कोच क्रात्की, येऊन जेमतेम पाच महिने झालेला. बिपिन तोच, लोबेराच्या वेळी ९०व्या मिनिटाला गोल करणारा. कप उचलणारा कर्णधार राहुल भेके.

यादीप्रमाणे हा कप सातव्या कोचच्या नावावर आहे आणि ते बरोबरच आहे. पण बचावफळीत उभा असलेला कर्णधार ज्याच्या हाताखाली व्यावसायिक फुटबॉलमध्ये तयार झाला, त्याचं नाव यादीत नाही.

*

खालिद पुढे ईस्ट बंगाल, नॉर्थईस्ट, जमशेदपूर असे फिरले. २०२१–२२ला नॉर्थईस्टने त्यांना पूर्णवेळ कोच केलं. आयएसएलमध्ये असं पद मिळालेले ते पहिले भारतीय. १ ऑगस्ट २०२५ला ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्याआधीचा भारतीय राष्ट्रीय कोच होता साव्हियो मेदेरा, २०१२पर्यंत. मधली तेरा वर्षं सगळे परदेशी. पुढच्याच महिन्यात काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरं स्थान आणलं. ऑक्टोबरला फातोर्ड्यात सिंगापूरकडून १–२ हरले आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. दोन्ही गोष्टी त्यांच्या खात्यावर लिहायच्या.

मुंबई सिटीने त्यांना एकदा तरी विचारायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. स्थानिक माणूस म्हणून मेहेरबानीने मागायचं हे पद नाही. आयझॉलनंतर त्यांचं काम सगळ्या देशासमोर होतं.

जानेवारी २०२५ला ते अंधेरीला आले होते, जमशेदपूरचे कोच म्हणून, पाहुण्यांच्या बाकावर. जमशेदपूर ३–० जिंकलं. पत्रकारांना ते दोन वाक्यं बोलले आणि बसकडे गेले.